काला अंब आणि रोजचे रेखाटन

काला अंब हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक झाड उभे राहते. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर पानिपत शहर आहे आणि त्या शहराबाहेर सुमारे ८ किलोमीटरांवर ही जागा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंची फौज आणि अहमदशहा अब्दालीची फौज ज्या मैदानात भिडली, त्या मैदानाची खूण म्हणून ती ओळखली जाते. येथे एक आंब्याचे झाड होते आणि रणात सांडलेल्या रक्ताने ते काळवंडले, अशी लोककथा आहे. स्थळाला नाव मिळाले ते त्या कथेवरून.

ते झाड कधीच वाळून गेले. आज त्या जागी विटांचा एक स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर लोखंडी दांडा आहे, भोवती लोखंडी कुंपण आहे आणि आसपास राखलेली बाग आहे. बागेपलीकडे शेते लागतात. हिवाळ्यात त्यांत गहू असतो, पावसाळ्यात भात.

आता एक साधा प्रयोग मनातल्या मनात करून पाहू. दहा मराठी माणसांच्या हाती कागद आणि शिसपेन्सिल द्यावी आणि ‘काला अंब काढा’ असे सांगावे. त्यांतले नऊ जण झाड काढतील; स्तंभ बहुधा कोणीच काढणार नाही. काढलेले झाडही सर्वांचे जवळजवळ सारखेच येईल. दोन उभ्या रेघांचे खोड, वर ढगासारखा फुगीर घेर आणि त्या घेरात चार-दोन लोंबते आंबे. जे झाड कोणी पाहिलेले नाही, ते सर्वांना काढता येते. जो स्तंभ तेथे जाऊन आलेल्यांनी प्रत्यक्ष पाहिला, तो मात्र हातातून उतरत नाही. चित्रकलेच्या अभ्यासातील एक मोठी अडचण ह्या प्रयोगात सामावलेली आहे.

आजच्या भाषणाचा विषय पानिपतचे युद्ध नाही. दररोज एक रेखाटन करण्याचा नेम चित्रकाराला कसा वाढवतो आणि कोणत्या बाबतीत तो वाढवू शकत नाही, हा आहे. महिनाभर किंवा वर्षभर रोज एक चित्र काढण्याचा पण करणारे पुष्कळ लोक आज सर्वत्र आढळतात. जेक पार्कर ह्या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये ऑक्टोबर महिनाभर रोज शाईचे एक चित्र काढण्याची प्रथा ‘इंकटोबर’ ह्या नावाने सुरू केली आणि ती देशोदेशी पसरली. नेम नवा दिसतो, तरी त्यामागची कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील अपेलीज हा ग्रीक चित्रकार कितीही कामात असला तरी एक तरी रेघ ओढल्याखेरीज दिवस जाऊ देत नसे, असे प्लिनी ह्या रोमन लेखकाने नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे गवयाचा पहाटेचा खर्ज आणि तबलजीचा रोजचा रियाज ह्यांचे महत्त्व कोणास पटवून द्यावे लागत नाही.

किंबहुना रोज चित्र काढण्याचा नेम मराठी घराला मुळीच परका नाही. चैत्रात अंगण सारवून त्यावर रोज चैत्रांगण रेखाटण्याची चाल आहे. त्यात झोपाळ्यातली गौर असते, सूर्य-चंद्र असतात, शंख, चक्र, कमळ, तुळस, गाईची पावले, असे सारे असते. चातुर्मासात रोज ३३ गोपद्मे काढण्याचे व्रत कित्येक स्त्रिया करीत आल्या आहेत. चिमटीतून रांगोळीची एकसारखी धार सोडणे, हात न अडखळता वळण घेणे, चुकलेली रेघ पुसण्याच्या भरीस न पडता पुढच्या रेघेने तिला सावरून घेणे, हे सर्व त्या नेमातून हाताला लाभते. चित्रशाळेतील विद्यार्थ्याने हेवा करावा असा हात अशा स्त्रियांपाशी असतो.

परंतु चैत्रांगणातील कमळ हे कमळाचे चिन्ह असते. ते वर्षानुवर्षे तसेच यावयाचे असते आणि तसे येण्यातच त्याचे पावित्र्य आहे. समोरच्या तळ्यातले कमळ पाहून ते बदलण्याचे कारण नसते. म्हणजे हा नेम हाताचा आहे. चित्रकाराला हाताबरोबर डोळ्याचाही नेम लागतो आणि तो अधिक कठीण असतो.

ह्या दोहोंतील फरक नीट कळावा, म्हणून मुलांच्या चित्रांकडे पाहू. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत जा, दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून वर येणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, काठावर एक झोपडी आणि आकाशात इंग्रजी व्ही अक्षरासारखे पक्षी, हे चित्र तुम्हांस भेटेलच. कोकणातले मूल तेच काढते, विदर्भातल्या सपाट मुलखातले मूलही तेच काढते. लहानपणी ह्यात काही वावगे नाही. चिन्हे जमवूनच मूल बोलू लागते आणि चिन्हे जमवूनच चित्र काढू लागते. पुढे दहा-बारा वर्षांचे झाल्यावर त्याच मुलाला जाणवते की आपला डोंगर डोंगरासारखा दिसत नाही. तेव्हा ते म्हणते, ‘मला चित्र काढता येत नाही’, आणि पेन्सिल खाली ठेवते. असंख्य माणसांचा चित्रकलेशी संबंध तुटतो तो येथे. आपल्या हातात दोष आहे, अशी त्यांची जन्मभराची समजूत होऊन बसते. वस्तुतः हात निर्दोष असतो. त्याने एक साचा पाठ केलेला असतो, आणि डोळ्याने नवे काही आणून दिले नाही म्हणून तो तोच साचा गिरवीत राहतो.

ह्या साच्याची सत्ता केवढी असते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना भेट मिळालेला एक गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. जर्मनीतील थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर ह्याने तो प्राणी कधीच पाहिला नाही. आलेल्या वर्णनावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून त्याने त्याच वर्षी गेंड्याचे काष्ठमुद्रित चित्र केले. अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखी कातडी आणि खांद्यावर एक जास्तीचे छोटे शिंग, असा तो गेंडा आहे. ह्याच ड्यूररने १५०२ मध्ये रंगविलेला ससा पाहिला, तर त्याच्या अंगावरील केसांची दिशासुद्धा अचूक वाटते. ससा पाहून काढलेला होता, गेंडा ऐकून काढलेला होता. दोन्ही चित्रांमागे हात एकच होता. पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपातील पुस्तके ड्यूररचाच गेंडा उतरवून घेत राहिली, खांद्यावरच्या त्या शिंगासकट.

आता ह्याच्या शेजारी पुण्यातला गेंडा ठेवू. पानिपतच्या रणातून जीव वाचवून जे थोडे लोक परतले, त्यांत तरुण नाना फडणवीस होते. पुढे तीन दशकांनी त्यांच्याच कारभाराच्या काळात पुण्यात गंगाराम तांबट नावाचा एक चित्रकार काम करीत होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याने त्याला आश्रय दिला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या दशकात पुण्यास आला. त्या सुमारास शनिवारवाड्यात देशी कलावंतांसाठी चित्रशाळा चालली आणि गंगाराम तिच्याशी निगडित होता. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने वेल्सच्याही उपयोगी पडली. पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. १७९० मध्ये गंगारामने त्याचे चित्र काढले, ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. ड्यूररच्या तुलनेने गंगारामचे नाव जगाला ठाऊक नाही आणि त्याच्या कौशल्याची ड्यूररशी बरोबरी करण्याचेही कारण नाही. परंतु त्याच्यासमोर जिवंत प्राणी उभा होता, आणि पाहून काढण्याला जे बळ असते ते त्याला लाभले. रोजच्या रेखाटनाचा खरा उपयोग हाच आहे. आपल्या मनातले ऐकीव गेंडे आणि ऐकीव आंबे काढून टाकून, त्यांच्या जागी पाहिलेल्या वस्तू आणून ठेवण्याचे काम तो नेम करतो.

महाराष्ट्रातील चित्रकारांत ह्या दृष्टीने महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तेथेच पुढे शिक्षक झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पौराणिक चित्रांची कीर्ती मोठी होती. परंतु आज आपल्याला अधिक जवळची वाटतात ती त्यांची मुंबईच्या रस्त्यावरील माणसे. डोईवर पाटी घेतलेली बाई कमरेत कशी कलते, ओझे उतरवून ठेवलेला हमाल कसा टेकतो, नेसण्याच्या तऱ्हेवरून जात आणि गाव कसे कळते, हे सारे त्यांनी टिपले. एडवर्ड्स ह्यांच्या मुंबईवरील १९१२ च्या पुस्तकात आणि ऑटो रॉथफेल्ड ह्यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथात ती चित्रे पाहावयास मिळतात. हे सर्व एका बैठकीत येत नाही. रोज डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्या आणि रोज हात चालविणाऱ्या माणसाच्याच संग्रही ते साठते. पुढे नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती रंगविण्याचे काम मुंबईच्या कलाशाळेकडे आले, तेव्हा धुरंधरांनाही त्यात वाटा मिळाला. मोठ्या भिंतीवर माणसांची दाटी उभी करताना लहान वह्यांतील रेखाटनांची ही शिदोरीच उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण आर. के. लक्ष्मण ह्यांचे. १९५१ पासून मुंबईच्या दैनिकात त्यांचे छोटे व्यंगचित्र येऊ लागले आणि अर्धशतकाहून अधिक काळ ते येत राहिले. त्यातला चौकटीच्या कोटाचा सामान्य माणूस ठरलेला होता. तो कधी फारसा बदलला नाही. तथापि त्याच्या भोवतालची कचेरी, फायलींचे ढिगारे, तुंबलेले रस्ते, छत्र्या, खुर्च्या आणि खुर्चीतली माणसे ही सारी त्या त्या दिवसाची असत. ह्याच लक्ष्मणांना लहानपणापासून कावळ्याचा छंद होता. तो पक्षी त्यांनी किती वेळा आणि किती तऱ्हांनी काढला ह्याची गणती नाही. मान तिरकी करून पाहणारा, पावसात भिजलेला, भांडणारा, विचारात पडलेला, असा त्यांचा कावळा आहे. व्ही अक्षराचा पक्षी काढणारे मूल आणि कावळ्यांत माणसांइतके स्वभाव ओळखणारा चित्रकार ह्यांच्यामध्ये अंतर आहे ते पुनःपुन्हा पाहण्याचे.

ह्या सर्वांवरून रोजच्या नेमाची मांडणी कशी असावी, ते ठरविता येते. पहिली गोष्ट म्हणजे रोज नवा विषय शोधू नये. निदान एक महिनाभर विषय एकच ठेवावा. पानिपतात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या होतकरू मुलाने किंवा मुलीने काला अंबचा स्तंभ निवडला, असे समजू. पहिल्या दिवशी तो स्तंभ म्हणजे दोन उभ्या रेघा आणि वर एक काडी. चार-पाच दिवसांत त्या दोन रेघांचा कंटाळा येतो आणि ‘ह्यात काढण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न पडतो. पुष्कळांचा नेम ह्याच वळणावर मोडतो. परंतु जो ह्या कंटाळ्यातही बसून राहतो, त्याला हळूहळू काही दिसू लागते. सकाळी स्तंभाची एक बाजू उजळ असते आणि दुपारपर्यंत ती उजळण सरकत जाते. कुंपणाच्या गजांची सावली जमिनीवर पडते तेव्हा गजांमधील अंतरे जशी मोजली होती तशी नसतात. पौषातल्या दाट धुक्यात स्तंभाचा पाया दिसतो आणि माथा दिसत नाही. मग न दिसणारा माथा काढावयाचा की सोडावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. तो माथा ज्या दिवशी धीराने सोडून देता येतो, त्या दिवशी साच्याची पकड सुटू लागली असे समजावे.

त्याच महिन्यात जवळपासचे एखादे खरेखुरे आंब्याचे झाडही काढून पाहावे. मग कळते की आंब्याचा घेर ढगासारखा नसतोच. लांब पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात आणि खाली झुकतात. कोवळी पालवी हिरवी नसून तांबूस असते. पर्णभार इतका गच्च असतो की भर उन्हात, पिकाच्या उजेडापुढे पाहिले असता, झाडाचे खोड आणि पोट खरोखरच काळे दिसते. लोककथेचा उगम सांगण्याचा माझा हेतू नाही. परंतु काळा आंबा प्रत्येक उन्हाळ्यात दुपारी पाहावयास मिळतो, ही गोष्ट पेन्सिल घेऊन बसल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही.

ज्यांना पानिपत दूर आहे, त्यांनी आपल्या खिडकीतला गुलमोहर घ्यावा, एस. टी. स्थानकावरचा बाक घ्यावा, स्वयंपाकघरातील कळशी घ्यावी. कागद पोस्टकार्डाएवढा असावा. वेळ १५-२० मिनिटांचा असावा, म्हणजे कामाच्या दिवशीही तो सापडतो. खोडरबर जवळ ठेवू नये. चुकीच्या रेघेशेजारी बरोबर रेघ ओढावी आणि दोन्ही राहू द्याव्यात, कारण आपण कोठे चुकतो ते त्या जोडीवरूनच कळते. कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहावी. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढून भरपाई करू नये. ती भरपाई डोळ्याची नसते, हिशेबाची असते. नेम मोडला म्हणून खंतावून तो सोडून तर मुळीच देऊ नये. चुकलेल्या दिवसाची जागा कोरी ठेवून पुढे चालू लागावे. महिनाअखेर सर्व कागद जमिनीवर ओळीने मांडावेत. त्यांतले सुंदर कोणते, हे पाहण्याऐवजी कोणती रेघ समोर पाहून आली आणि कोणती सवयीने आली, एवढेच तपासावे.

ह्या नेमाचे काही धोकेही आहेत. रोजचे चित्र रोज चारचौघांना दाखविण्याची आज सोय झाली आहे. त्यामुळे कौतुक लवकर मिळते आणि ज्या युक्तीला कौतुक मिळाले तीच युक्ती हात पुन्हा करू लागतो. जुना साचा मोडावयास निघालेला माणूस अशा रीतीने स्वतःचा नवा साचा तयार करून बसतो. म्हणून पहिला महिना तरी वही मिटलेली ठेवणे बरे. ह्या दृष्टीने २००७ मध्ये गाब्रिएल कंपानारिओ ह्या सिएटलमधील पत्रकार-चित्रकाराने सुरू केलेली ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ मला अधिक उपयुक्त वाटते. कारण प्रत्यक्ष जागी बसून, समोर पाहून रेखाटन करावे, हा तिचा मूळ नियम आहे. दुसरा धोका असा, की रोजच्या पंधरा मिनिटांनीच सर्व साधेल अशी समजूत होते. शरीररचना, यथार्थदर्शन, रंगांचे गुणधर्म ह्यांचा अभ्यास वेगळा करावा लागतो, चांगला गुरू मिळाला तर त्याच्यापाशी बसावे लागते आणि एकाच चित्रावर अनेक दिवस खपण्याचीही सवय लागते. रोजचे रेखाटन त्या अभ्यासाची जमीन नांगरून ठेवते. पेरणी निराळी करावी लागते.

वय उलटून गेले, आता हा नेम धरून काय होणार, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी होकुसाई ह्या जपानी चित्रकाराची हकीकत सांगून थांबतो. त्याचा जन्म १७६० चा, म्हणजे पानिपतच्या संग्रामाच्या आदल्याच वर्षीचा. सत्तरी ओलांडल्यावर, १८३४ मध्ये त्याने लिहून ठेवले, की वयाच्या सत्तराव्या वर्षापूर्वी काढलेले माझे काही जमेस धरण्याजोगे नाही. प्राणी, पक्षी आणि वनस्पती ह्यांची घडण मला आता कोठे कळू लागली आहे. पुढे १८४२-४३ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, त्याने रोज सकाळी सिंहाचे एक चित्र काढण्याचा नेम धरला. अरिष्ट टळावे म्हणून तो हे करी. त्या नेमातील दोनशेहून अधिक कागद आज उपलब्ध आहेत आणि त्यांवर तारखा आहेत. कोणत्याही दोन कागदांवरचा सिंह सारखा नाही. एक नाचतो, एक पावसातून पळतो, एक नुसता बसून राहतो. ज्याच्या हाती सात दशकांचे कसब साठले होते, त्या माणसालाही रोज सकाळी कोऱ्या कागदापुढे बसण्याची गरज वाटत होती. आपल्याला तर ती वाटावयास हवीच. पोस्टकार्डाएवढा कागद आणि एक शिसपेन्सिल एवढेच साहित्य लागते. ते आज रात्री उशाशी काढून ठेवावे आणि उद्या सकाळी खिडकीबाहेर जे असेल ते काढावे.